नाव तेच, बूट वेगळा

सोळाशे मीटर म्हणजे चारशेच्या मैदानाला चार फेऱ्या. सैन्यभरतीत हे अंतर साडेपाच मिनिटांच्या आत संपवणाऱ्याला पूर्ण ६० गुण मिळतात, मागच्या गटाला त्याहून कमी. माणदेशात, म्हणजे माण तालुक्यात, शेजारच्या खटावात, आटपाडीत, जतच्या माळावर या साडेपाच मिनिटांसाठी पोरं उजाडायच्या आत घराबाहेर पडतात. कुणी दहिवडी-म्हसवड रस्त्याच्या कडेनं धावतं, कुणी कालव्याच्या भरावावरून, तर कुणी गावाबाहेरच्या मुरमाड पटांगणात फक्कीनं आखलेल्या फेऱ्या मारतं. यांच्यातल्या कुणालाही बूट कोणता घ्यायचा ते विचारावं. बाजारात नुकत्याच आलेल्या बुटाचं नाव सहसा कानावर येत नाही. ‘मागच्या वेळी होता तोच’, एवढंच उत्तर येतं. तो मिळत नसेल तर गावोगावच्या मित्रांना फोन जातात. साताऱ्यात बघ, विट्यात बघ, पुण्यात कुणी जाणार असेल तर त्याला सांग.

दुकानदाराला हा हट्ट वाटतो. घरच्यांना ती काटकसर वाटते. नवं मॉडेल आणणाऱ्या कंपनीच्या लेखी तर हे मागे राहिलेलं गिऱ्हाईक. या तिघांचंही चुकतं. जुन्या मॉडेलला धरून राहणारा धावपटू बहुतेक वेळा बरोबर असतो. त्याच्या बाजूनं त्याचा पाय आहे, त्याचा अनुभव आहे आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांतलं बरंचसं संशोधनही आहे. चूक असेल तर ती दर वर्षा-दीड वर्षानं तेच नाव ठेवून आतला बूट बदलणाऱ्या धंद्याची आहे.

धावण्याचा बूट बाहेरून कापड आणि रबर दिसतो. धावणाऱ्याला तो तीन-चार मापांत कळतो. टाचेखाली फोम किती जाड, चवड्याखाली किती, आणि या दोन्हींतला फरक किती. हा फरक दहा-बारा मिलिमीटर असलेले बूट आहेत, आठचे आहेत, चारचेही आहेत. मग येतो साचा. ज्या लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पावलावर बूट शिवला जातो त्या पावलाची रुंदी, बोटांकडची गोलाई, टाचेची खोबण. फोम मऊ की कडक, वजन किती, हे त्यानंतर. यातलं एक माप बदललं तरी पाय जमिनीवर पडण्याची तऱ्हा बदलते. खोक्यावर मात्र नाव तेच असतं आणि पुढचा आकडा एकानं वाढलेला असतो.

जपानी कंपनी असिक्सचा जेल-कायानो बूट १९९३ पासून निघतो आहे. ज्यांचं पाऊल आतल्या बाजूला कलतं त्यांना आधार देणारा बूट म्हणून त्याचा जगभर लौकिक आहे. तो आधार कितीतरी वर्षं तळाच्या आतल्या अंगाला बसवलेल्या कडक फोमच्या पट्टीतून मिळायचा. २०२३ मध्ये कायानो-३० आला. त्यात ती कडक पट्टी गेली आणि तिच्या जागी निराळीच रचना आली. टाचेखालची उंची चाळीस मिलिमीटरपर्यंत पोचली. तो बूट वाईट आहे असं मुळीच नाही, अनेकांना तो आवडला. पण दहा वर्षं त्या कडक पट्टीवर टाच टेकवलेल्या माणसाच्या दृष्टीनं तो वेगळा बूट होता. आदिदासच्या बोस्टनचं तर २०२१ मध्ये रूपच पालटलं. नववी आवृत्ती पातळ, चपळ, बूस्ट फोमची. दहावी उंच, दोन निराळ्या फोमची, आत कडक सळ्या. नववीवर जीव असलेल्यांनी जगभर नाराजी बोलून दाखवली आणि उरलासुरला साठा शोधत ते दुकानं धुंडाळू लागले. नायकेचा पेगासस १९८३ पासूनचा. मधल्या काळात कंपनीनं तो बंदही करून पाहिला, पण मागणी हटेना, म्हणून तो परत आणावा लागला. चाळीस वर्षं एकाच नावानं विकल्या जाणाऱ्या या बुटाच्या सुरुवातीच्या आणि आताच्या जोडीत नावाखेरीज फारसं काही सारखं उरलेलं नाही.

कंपन्या बदल का करतात, हे समजून घेतलं पाहिजे. फोमचं रसायनशास्त्र खरोखर पुढे गेलं आहे. १९७५ च्या सुमारास ईव्हीए नावाचा हलका फोम धावण्याच्या बुटात आला तेव्हा तीही क्रांतीच होती आणि आजचे फोम त्याहून हलके, जास्त उसळी देणारे आहेत. दुसरं कारण साधं आहे. दुकानाच्या फळीवर नवं काही दिसलं नाही तर गिऱ्हाईक फिरकत नाही. धावण्याचे म्हणून विकले जाणारे पुष्कळसे बूट घेणारी माणसं धावतच नाहीत. ती ऑफिसला जातात, फिरायला जातात, लग्नाच्या वरातीत नाचतात. त्यांना मऊ लागतं, उंच लागतं, नवा रंग लागतो. धावणारा या गर्दीत अल्पसंख्य आहे, आणि बूट त्याच्या नावानं निघत असला तरी बेतला जातो दुसऱ्याच्या पायावर.

असा बूट बदलल्याचं नुकसान शरीरात कुठे होतं ते माणदेशातल्या पोरांच्या तोंडून नीट कळतं. ‘पिंडऱ्या भरल्या’, ‘नडगी धरली’, ‘टाचेची शीर ओढते’, ‘बूट चावतो’. टाच आणि चवड्यातला फरक दहावरून चार मिलिमीटरवर आला, की दर पावलाला टाच सहा मिलिमीटर जास्त खाली जाते. तेवढं पिंडरीच्या स्नायूला आणि टाचेमागच्या शिरेला ताणावं लागतं. एका किलोमीटरला हजारभर पावलं पडतात. आठवड्याला पन्नास किलोमीटर धावणाऱ्याचा हिशेब ज्यानं त्यानं करावा. शरीर या बदलाला सरावतं, पण त्याला आठवडे लागतात, कधी महिने. मधल्या काळात ज्यानं नेहमीइतकंच अंतर नेहमीच्याच वेगानं कापलं त्याची शीर सुजते. शहरातला हौशी धावपटू अशा वेळी पंधरा दिवस विश्रांती घेतो. भरतीच्या पोराची फिजिकलची तारीख ठरलेली असते. एक भरती हुकली की वर्ष गेलं, आणि विशीच्या आसपास वयाची अट संपत आलेली असते. त्याला प्रयोग परवडत नाही. म्हणून तो जुना बूट मागतो.

जमिनीचाही विचार करायला हवा. माणदेश पर्जन्यछायेत येतो. वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस, तोही भरवशाचा नाही. माळावर मुरूम, गारगोट्या, कुसळं आणि बाभळीचे काटे. चाळीस मिलिमीटर उंच, लोण्यासारखा मऊ तळवा सपाट डांबरावर सुखाचा असेल. मुरमाच्या उतारावर खड्यावर पाय पडला की तोच तळवा एका बाजूला दबतो आणि घोटा मुरगळतो. काटा मऊ फोममध्ये सहज शिरतो आणि आत राहून कधीतरी टोचतो. पातळ, जरा कडक, जमीन समजू देणारा तळ इथल्या पोरांना हवा असतो. जालंधरची निव्हिया, मलेरकोटल्याच्या स्टार इम्पॅक्टचा सेगा, हे पंजाबातले बूट भरतीच्या मैदानांवर इतके दिसतात ते केवळ स्वस्त म्हणून नव्हे. ते हलके आहेत, पातळ तळाचे आहेत आणि वर्षानुवर्षं जवळपास त्याच ढंगाचे राहिले आहेत. पहिली जोडी झिजली की दुसरी पायात घालून त्याच दिवशी फेऱ्या मारता येतात. परदेशी बुटांच्या परीक्षणांत या गुणाला कुणी गुण देत नाही. द्यायला हवेत.

आणखी एक गोष्ट इथल्या पायाची. लहानपण अनवाणी किंवा चपलेवर गेलेल्या पोरांचा पंजा पुढून पसरट असतो. यावर आपल्याकडेच चांगला अभ्यास झाला आहे. राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी दक्षिण भारतातल्या २,३०० मुलांचे पाय तपासून १९९२ मध्ये निष्कर्ष छापले. बूट-चपला वापरणाऱ्या मुलांत सपाट तळव्याचं प्रमाण ८.६ टक्के होतं, अनवाणी वाढलेल्यांत २.८ टक्के. पुढे २००९ मध्ये बेल्जियमच्या संशोधकांनी दक्षिण भारतातल्या आयुष्यभर अनवाणी चालणाऱ्या माणसांची पावलं मोजली. त्यांचा पंजा रुंद निघाला आणि शरीराचा भार तळव्यावर जास्त समान वाटला जात असल्याचं दिसलं. चैत्रात शिखर शिंगणापूरला कावडी खांद्यावर घेऊन मुंगी घाटाचा कडा चढणाऱ्या भक्तांमध्ये आजही कितीतरी अनवाणी असतात. ती पावलं ज्यानं जवळून पाहिली त्याला या आकड्यांचं नवल वाटणार नाही. अडचण अशी की मोठ्या कंपन्यांचे साचे या पावलावर बेतलेले नाहीत. त्या साच्यांचं पाऊल पुढे निमुळतं. माणदेशी धावपटूला बोटं मोकळी राहतील असा बूट मुश्किलीनं एखादा सापडतो, आणि सापडला की तो त्याला सोडत नाही. पुढच्या आवृत्तीत पुढची बाजू चार मिलिमीटरनं आवळली, की करंगळीला फोड येतात आणि अंगठ्याचं नख काळं पडतं. सातारा हिल हाफ मॅरेथॉन ज्यांनी केली आहे त्यांना हे नख माहीत असतं. २०१२ पासून पावसाळ्यात होणाऱ्या या शर्यतीत यवतेश्वरचा घाट आधी चढायचा आणि मग तोच उतरायचा. उतारावर दर पावलाला बोटं बुटाच्या नाकावर आदळतात.

माणदेशात वहाणा करून घेण्याची जुनी रीत होती. चांभार पाय कातड्यावर ठेवायला सांगायचा, भोवती रेघ ओढायचा. पुढच्या वेळी गिऱ्हाईक झिजलेला जोड पुढे टाकून एवढंच म्हणायचं, ‘असाच कर.’ मेंढरामागं दिवसाला वीस-वीस किलोमीटर चालणाऱ्या धनगराला तसाच जोड मिळण्यात सगळं आलं. आजचा धावपटू दुकानात नेमकं हेच मागतो आहे, आणि यंत्रावर लाखोंनी बूट काढणाऱ्या कारखान्याला ते अवघड वाटतं आहे.

धावण्याच्या इतिहासात नव्या बुटानं ऐन वेळी दगा दिल्याच्या गोष्टी पुष्कळ आहेत. सर्वांत प्रसिद्ध रोम ऑलिम्पिकची. १९६० मध्ये इथिओपियाच्या अबेबे बिकिलाला शर्यतीसाठी मिळालेले बूट पायाला बसेनात. सराव अनवाणी केलेला होताच. त्यानं बूट बाजूला ठेवले आणि रोमच्या दगडी रस्त्यांवरून २ तास १५ मिनिटं १६ सेकंदांत मॅरेथॉन जिंकली. चार वर्षांनी टोकियोत त्यानं बूट घालून पुन्हा सुवर्ण मिळवलं. अनवाणी धावणं श्रेष्ठ, असा याचा अर्थ काढणारे काढतात. पण बिकिलानं दोन्ही वेळा एकच केलं. ज्यावर सराव झाला होता, त्यावरच तो धावला.

आपल्याकडचा अनवाणी शर्यतींचा इतिहास याच्या चाळीस वर्षं आधीचा. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर १९१९ च्या सुमारास झालेल्या शर्यतींत शेतकरी घरांतली माणसं अनवाणी धावत होती. त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळपास जातात, हे सर दोराबजी टाटांच्या ध्यानात आलं आणि त्यातून भारताचा संघ १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकला गेला. बेळगाव भागातले फडेप्पा चौगुले तिथल्या मॅरेथॉनमध्ये २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांची वेळ देऊन १९ वे आले. शंभर वर्षांपूर्वी, हाताशी काही नसताना, पहिल्याच खेपेला.

माणदेशाचं स्वतःचं मोठं नाव म्हणजे मोहीच्या ललिता बाबर. ‘माणदेशी एक्सप्रेस’ म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. मॅरेथॉनकडून त्या ३,००० मीटर स्टीपलचेसकडे वळल्या, २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत कांस्य, २०१५ मध्ये वुहानच्या आशियाई अजिंक्यपदात सुवर्ण. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये प्राथमिक फेरीत ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम करून त्या अंतिम फेरीत गेल्या. पी. टी. उषानंतर, म्हणजे १९८४ नंतर, ऑलिम्पिकमध्ये ट्रॅकवर अंतिम फेरी गाठणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. तिथं त्या दहाव्या आल्या. स्टीपलचेस ही बुटाची सगळ्यांत कठीण परीक्षा. २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्याची उडी. पहिल्याच उडीत बूट भिजतो आणि उरलेली शर्यत ओल्या बुटानं धावायची असते. कोरडा असताना बोटभर सैल वाटणारा बूट पाण्यात गेल्यावर पायातून निसटतो. त्याच रिओत, त्याच प्रकाराच्या प्राथमिक फेरीत, इथिओपियाच्या एतेनेश डिरोचा बूट धडकाधडकीत टाचेतून सुटला. ती थांबली, तो नीट घालायचा प्रयत्न केला, जमेना तेव्हा बूट आणि मोजा दोन्ही काढून फेकले आणि एका पायानं अनवाणी शर्यत पुरी केली. नंतर अपिलावर तिला अंतिम फेरीत जागा मिळाली. त्या दिवशी तिचा बूट धक्क्यानं सुटला, मॉडेलचा त्यात दोष नव्हता. तरी मोठ्या शर्यतीला अनोळखी स्पाइक घालून कुणी का उतरत नाही, हे त्या एका फेरीत जगानं पाहिलं.

याच्या विरुद्ध बाजूनं एक भक्कम मुद्दा येतो आणि तो टाळून चालणार नाही. २०१७ मध्ये नायकेचा व्हेपरफ्लाय आला. नव्या जातीचा उसळता फोम आणि आत कार्बनची वाकडी पट्टी. प्रयोगशाळेत त्यानं धावण्याला लागणारी ऊर्जा सरासरी चार टक्क्यांनी कमी केली, आणि त्यानंतर मॅरेथॉनचे विक्रम एकामागून एक पडत गेले. जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेला २०२० मध्ये नियम करावा लागला. रस्त्यावरच्या शर्यतीत तळ चाळीस मिलिमीटरपेक्षा जाड नको, पट्टी एकाहून जास्त नको. म्हणजे नव्यात दम असतो, हे मान्य. बीडच्या आष्टी तालुक्यातून आलेल्या अविनाश साबळेनं २०२४ मध्ये पॅरिसला ८ मिनिटं ९.९१ सेकंदांत स्टीपलचेस धावून स्वतःचाच राष्ट्रीय विक्रम मोडला. त्या पातळीवरच्या धावपटूनं नवं तंत्र नाकारून चालणार नाही.

पण ही ‘सरासरी चार टक्के’ नीट वाचायला हवी. २०२३ मध्ये केनियाचे अव्वल आणि युरोपातले हौशी धावपटू घेऊन अशाच बुटांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. केनियन धावपटूंपैकी एकाला पातळ तळाच्या बुटाच्या तुलनेत अकरा टक्क्यांहून जास्त फायदा झाला आणि दुसऱ्याला जवळपास तेवढाच तोटा! बूट त्याच जातीचे, दर्जा जागतिक, आणि निकाल उत्तर-दक्षिण. सरासरी कुणाच्याच पायात बसत नाही. नवा बूट आपल्याला मानवतो की नाही हे ज्याचं त्यानंच पाहायचं असतं, आणि ते पाहायला वेळ, पैसे आणि दोन-चार जोड लागतात. केनियाच्या त्या धावपटूला ते जमेल. म्हसवडच्या पोराकडे एकच जोड असतो.

दुखापतींच्या बाबतीतही विज्ञान हळूहळू धावपटूच्या जुन्या शहाणपणाकडे आलं आहे. अमेरिकी सैन्यदलांनी हजारो नव्या जवानांवर मोठा प्रयोग केला. तळव्याची कमान पाहून कुणाला आधाराचा, कुणाला मऊ, कुणाला मधला बूट दिला, आणि दुसऱ्या गटाला सरसकट एकच. दुखापतींत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. दुकानात पायाचा ठसा घेऊन अमुकच बूट घ्या म्हणून सांगणाऱ्या शास्त्राचा पाया असा डळमळीत आहे. कॅलगरी विद्यापीठातले बेन्नो निग यांनी चाळीसेक वर्षं या विषयात घालवून २०१५ मध्ये मांडलं, की प्रत्येक शरीराची हालचालीची स्वतःची पसंतीची वाट असते आणि ज्या बुटात त्या माणसाला सुख वाटतं तो बूट बहुधा त्या वाटेच्या आड येत नाही. यातले सगळे तपशील अजून पक्के झालेले नाहीत. तरी आपल्या पायाला बरा वाटलेला बूट सोडू नये, असं म्हणणाऱ्या पोराला अडाणी ठरवण्याइतका पुरावा कुणाहीपाशी नाही.

इथं माणदेशातल्या धावपटूंनाही एक गोष्ट कळकळीनं सांगायला हवी. जुनं मॉडेल धरून ठेवणं आणि जुनी जोडी पायात ठेवणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. फोममधले हवेचे बारीक कप्पे दर पावलाला दबतात आणि काही काळानं परत फुगत नाहीत. साधारण पाचशे ते आठशे किलोमीटरनंतर बूट वरून धड दिसला तरी आतून मेलेला असतो. आठवड्याला पन्नास किलोमीटर धावणाऱ्याचा जोड तीन-चार महिन्यांत त्या हद्दीला पोचतो. आपल्याकडे मात्र वरचं कापड फाटेपर्यंत, तळ टकला होईपर्यंत तोच जोड चालतो, नंतर तो शेतात जातो, मग धाकट्या भावाकडे. धाकट्याच्या पायाला मोठ्याच्या पावलाची झीज मिळते. नडगी धरण्याच्या कितीतरी तक्रारी इथून सुरू होतात. लक्झेंबर्गमधल्या २६४ धावपटूंच्या अभ्यासात एकाहून जास्त जोड आलटूनपालटून वापरणाऱ्यांना दुखापतीचा धोका ३९ टक्क्यांनी कमी आढळला. ऐपत असेल तेव्हा आवडत्या मॉडेलचे दोन जोड घ्यावेत. एक धावून येईल तोवर दुसरा वाळेल, आणि मॉडेल बाजारातून उठलं तरी सहा-आठ महिन्यांची सोय राहील.

ऐपतीचा मुद्दा आला की किमतीवर बोलावंच लागतं. जुन्या मॉडेलकडे ओढणारं हे दुसरं कारण आहे आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. नवी आवृत्ती आली की मागची निम्म्या-पाऊण किमतीत मिळते. बूट तोच, फक्त कालचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवर जीएसटी ५ टक्के झाला, त्यापुढे १८ टक्के. सवलतीत उतरलेलं मागचं मॉडेल या रेषेच्या अलीकडे आलं तर फायदा दुहेरी. नव्या आयात मॉडेलचा जोड मात्र रेषेच्या बऱ्याच पलीकडे असतो, तिथं पोचेस्तोवर रोजंदारीच्या घरातला महिन्याचा किराणा संपलेला असतो. धावण्याचा बूट ही भरतीला जाणाऱ्या पोराची आणि शाळेच्या संघातल्या पोरीची गरज आहे, हे ओळखून सरकारनं ही रेषा तरी वर न्यावी.

त्यात २०२४ पासून पादत्राणांना भारतीय मानक ब्यूरोचं प्रमाणपत्र सक्तीचं झालं. परदेशातल्या कारखान्यालाही ते घ्यावं लागतं. हेतू चांगला आहे, कारण निकृष्ट मालानं पाय खराब होतात. परिणाम असा झाला की काही परदेशी मॉडेलं इथं उशिरा आली, काही आलीच नाहीत. अशी पोकळी पडली की ‘फर्स्ट कॉपी’वाले पुढे सरसावतात. लोकप्रिय जुन्या मॉडेलची नक्कल सर्वांत जास्त होते. वरचं कापड, रंग, नाव हुबेहूब. तळाचा फोम मात्र महिनाभरात बसतो. पोराला वाटतं आपला जुना बूट मिळाला. पिंडऱ्या भरायला लागल्यावर त्याला शंका येते, तीही बुटावर नाही, स्वतःच्या तयारीवर.

कंपन्यांकडे मागणं मोठं नाही. साचा, टाचेची उंची किंवा फोम बदलला, तर नावही बदलावं. नाव विकायचं असेल म्हणून ते ठेवायचंच असेल, तर खोक्यावर आधीची आणि आताची मापं शेजारी शेजारी छापावीत. टाच इतकी होती, इतकी झाली. चवडा इतका होता, इतका झाला. औषधाच्या पाकिटावर घटक छापतात, धान्याच्या पिशवीवर वजन छापतात. धावपटूच्या पायाखालची सहा मिलिमीटर जमीन काढून घेताना त्याला सांगायला काय हरकत आहे? आणि नवी आवृत्ती आली तरी मागची निदान दोन वर्षं मागणीप्रमाणे मिळत राहावी.

जुने साचे चालू ठेवणं परवडत नाही, असं उत्तर यावर मिळतं. ते पटण्यासारखं नाही. असिक्सनं २००८ चा कायानो-१४ बारा-एक वर्षांनी पुन्हा बाजारात आणला, फॅशनचा बूट म्हणून, आणि तो जगभर धडाक्यानं खपला. कॉफीच्या दुकानात घालून बसायला २००८ चा बूट नव्यानं काढता येतो. मग जो त्यावर दर आठवड्याला पन्नास किलोमीटर धावतो, त्याच्यासाठी मागच्या वर्षीचा बूट चालू ठेवायला कारखान्याची अडचण कसली?

तोवर काही कामं इथल्या इथं होण्यासारखी आहेत. माणदेशात आता भरतीच्या अकॅडम्या गावोगाव आहेत, म्हसवडला माणदेशी फाउंडेशनसारखी संस्था ग्रामीण मुलामुलींना खेळाच्या मैदानावर आणते आहे, शाळांचे संघ आहेत. यांनी बूट एकेकट्यानं घेण्याऐवजी मुलांच्या पायांना मानवलेली दोन-तीन मॉडेलं ठरवावीत आणि वर्षाची गरज धरून एकगठ्ठा मागणी नोंदवावी. पन्नास जोडांच्या मागणीला वितरक फोन उचलतो, एका जोडाला उचलत नाही. मोठ्या मुलांच्या नोंदवहीत टायमिंगच्या शेजारी बुटाचं नाव, आवृत्तीचा आकडा आणि त्यावर झालेले किलोमीटर यांचा एक रकाना वाढवावा. कुणाची नडगी कोणत्या बदलानंतर धरली, हे दोन हंगामांत कागदावर दिसायला लागेल, आणि पुढच्या वर्षी दुकानदारानं नवं मॉडेल पुढे केलं तर पोरांच्या हातात त्याला दाखवायला काहीतरी असेल.